गाडीतला लाल माणूस

इंदोरा, नागपूर
९ नोव्हेंबर २०२४

पमे वं,

सगळ्यायच्या आधी आली ती सिंधूताई. गाडी अजून गल्लीत वळलीच नव्हती, तुहा अंकुशकाका भोंगा वाजवून राहिला अन् गाय रस्त्यातून हलून नाही राहिली, तेवढ्यात ही बाई कणकेच्या हातानं आपल्या दारात उभी. म्हणे, "बायजाबाई, कोणाची गाडी वं?" म्हटलं, "आमची." तं म्हणे, "किरायानं आणली का?" पाह्य! तिच्या जावयानं गाडी घेतली तेव्हापासून या बाईची मान खाली नाही आली. मंग तिच्या मागून अर्धी गल्ली आली. तुह्या मायाकाकूनं सगळ्यायले चहा केला, साखर संपली, मंग सिंधूताईच्याच घरून साखर आणली. तिनं दिली, पण वाटी भरून नाही दिली.

जयभीम लिहायचं राहूनच गेलं. जयभीम अन् आशीर्वाद.

तू म्हणशीन, आजी फोन काहून नाही करत. बाई, फोन कानाले लावला का कानातलं मशीन शिट्टी मारते. तू काय बोलून राहिली ते त्या शिट्टीलेच ऐकू येते. त्यापेक्षा हे बरं. साक्षरता वर्गाच्या बाईनं एवढं हात धरून शिकवलं, ते काय फक्त सही कराले?

तं गाडी. तुह्या काकानं घेतली. सेकंडहँड हाय, पण पाहून कोणी म्हणणार नाही. पांढरी, चकचकीत. अंकुश रोज मोटरसायकलनं कळमेश्वरच्या कंपनीत जाते, बाजूनं ते ट्रक धडधडत, माह्या जिवाले घोर. आपल्या घरातली ही पहिलीच गाडी. पाहाले गेलो तेव्हा मी बी संग गेली होती. डीलरले मी एकच विचारलं, "बाकी काही नको सांगू बापा, फुगे हायेत का? माही नात पुण्याले गाडीतले फुगे बनवते." तो हासला. म्हणे, "माँजी, पूरे छे हैं." मंग मी अंकुशले म्हटलं, घे डोळे झाकून.

अन् आता खरी गोष्ट ऐक. गाडीत समोर, स्टेरिंगच्या चाकाच्या मागं, एक लाल चित्र पेटते. माणूस बसला हाय अन् त्याच्या पोटासमोर गोल फुगा. मी पाहताच ओळखलं, हे पमीचं! सिंधूताईच्या जावयाच्या गाडीत बी ते चित्र हाय. पण त्याच्या गाडीत कसं, चाबी फिरवली का पेटते अन् लगेच विझून जाते. आपल्या गाडीत विझतच नाही! घरापासून गांधीबागेपर्यंत गेलो, पेटलेला. परत आलो, पेटलेला. मी सिंधूताईले दाखवलं, "पाह्य, तुह्या जावयाचा फुगा झोपते, आमचा जागा राहते." ती आपली साखरेची वाटी मागाले लागली.

गांधीबागेतून मखमलीचं कापड आणलं, सीटायले खोळी शिवून राहिली. मेंदी रंग. मी समोरच बसते, अंकुशच्या बाजूले. तो पट्टा मी नाही लावत, मानेले काचते, अन् कायले लावायचा, फुगा हाय ना तुहा.

लोक विचारतात, तुमची नात नेमकं करते काय? मी म्हणते फुगे. सिंधूताई म्हणे, "वाढदिवसाचे?" जरा नीट लिहून पाठव, मले सांगता आलं पाह्यजे.

तुही आजी



चाकण, पुणे
१६ नोव्हेंबर २०२४

प्रिय आजी,

जयभीम. तुझं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचलं. गाय, साखरेची वाटी, सगळं वाचून हसले. मग लाल माणसापर्यंत आले आणि पायरीवर बसले.

आजी, तो दिवा पेटून राहतो ते चांगलं नाही. सिंधूताईंच्या जावयाच्या गाडीत होतं ते बरोबर. चावी फिरवली की गाडी स्वतःची तपासणी करते, तेवढा वेळ दिवा लागतो, आणि सगळं ठीक असेल तर विझतो. विझला नाही तर गाडी सांगते आहे की माझे फुगे आजारी आहेत, धडक बसली तर मी ते उघडणार नाही. तुमचा फुगा जागा नाही गं. त्याला काय झालंय ते पाहिल्याशिवाय त्या गाडीत बसू नकोस.

आणि पट्टा. हे मी तुला किती वेळा सांगितलं? फुगा माणसाला धरत नाही, पट्टा धरतो. फुगा डोळ्याचं पातं लवायच्या आत बाहेर येतो, एखाद्या पैलवानाच्या थापडीसारखा. पट्टा नसला तर माणूस पुढे फेकला जातो आणि त्या थापडीवर जाऊन आदळतो. तू साडेचार फुटांची. तुझी मान कुठे आणि तो कुठे! आणि त्या मखमलीच्या खोळी काढ. सीटच्या कुशीतही एक फुगा असतो, तो शिवण फाडून बाहेर येतो. तुझी दुहेरी शिलाई त्याला फाटायची नाही.

तू विचारलंस मी काय करते. मी फुग्याची घडी घालते. खरंच. मूठभर जागेत एवढं मोठं कापड बसवायचं, आणि ते दर वेळी एकाच बाजूने, एकसारखं उघडलं पाहिजे. घडी चुकली तर फुगा हनुवटीखाली शिरतो. गाडीत माणसाएवढे पुतळे बसवतो, गाडी भिंतीवर आपटतो, आणि मग मी आठवडाभर त्याचं चित्रीकरण हळू करून पाहत बसते. नऊ वर्षं हेच करते आहे. माझं काम नीट झालं की कोणालाच काही दिसत नाही.

गेल्या महिन्यात मी मीटिंगमध्ये म्हटलं होतं, नुसता दिवा पुरत नाही, फुगे बिघडले की गाडीने आवाजही केला पाहिजे. दर वेळी, बंद न करता येणारा. आमचे साहेब म्हणाले, "प्रमोदिनी, लाल दिवा कोणाला कळत नाही? गिऱ्हाईक वैतागेल." सगळे हसले. मी वही मिटली. आणि आता माझीच आजी लाल दिव्याचं कौतुक करत गांधीबागेला जाऊन आली. हे मी साहेबांना कुठल्या तोंडाने सांगू?

काकांना मी फोन केला होता. म्हणाले, "गाडी पाह्यली नाही अन् पुण्यात बसून खोट काढून राहिली." मग म्हणाले, पाहतो.

आजी, त्यांना पाहायला लाव.

तुझी
पमी



इंदोरा, नागपूर
२५ नोव्हेंबर २०२४

पमे,

झालं तुह्या मनासारखं! दिवा विझला.

तुहं पत्र मी अंकुशले मोठ्यानं वाचून दाखवलं. तो जेवून राहिला होता, अर्ध्या ताटावरून उठला. आधी डीलरकडं गेला, तिथून आला तं तोंड पाडून आला. काय झालं म्हटलं तं काही नाही म्हणे. मंग दुसऱ्या दिवशी लकडगंजकडं कोणी एक मिस्त्री हाय म्हणे, त्याच्याकडं नेली. अंकुश सांगते का त्यानं चहा मागवला, चहा येऊन संपेपर्यंत काम झालं बी. आता चाबी फिरवली का लाल माणूस येते, जरासा थांबते अन् जाते. अगदी सिंधूताईच्या जावयासारखं. अंकुश म्हणे, "लिह्य तुह्या इंजिनेर बाईले, आता तरी खूश हो म्हणावं."

मले मात्र जराशी हुरहूर लागली. एवढा दिवसभर संग राहायचा.

आता तुले एक मजा सांगते. तू लिहिलं ते मी सगळ्या गल्लीत सांगितलं, का दिवा लागून राहिला तं फुगा आजारी, विझला तं तब्येत बरी. तेव्हापासून लोक माह्याकडं गाड्या घेऊन येतात! परवा एक मास्तर आले, दीक्षाभूमीकडून. म्हणे, "माय, जरा पाहून देता का?" मी म्हटलं चाबी फिरव गा. फिरवली. लागला, विझला. म्हटलं, "ठीक हाय, जा." ते पाया पडाले लागले, मी म्हटलं पाया नको पडू, पट्टा लाव. सिंधूताई मले डॉक्टरीणबाई म्हणाले लागली. टोमणा हाय तो, कळते मले. पण बाहेरच्या माणसासमोर म्हणते तं बरं वाटते.

पट्टा मी लावते आता. मानेले काचते म्हणून बगलेखालून घेते, पदर बी चुरगळत नाही. खोळी काढल्या. फेकल्या नाही, उशीले केल्या.

बावीस डिसेंबरले मायाच्या भाच्याचं लग्न हाय, उमरेडले. गाडीनंच जाऊ. मी समोर, मागं माया, सिंधूताई अन् तिची बहीण. सिंधूताईले मीच म्हटलं चल. तिच्या जावयानं तिले अजून उमरेडले काय, इतवारीले नाही नेलं.

तू ये ना लग्नाले.

आजी



चाकण, पुणे
३० नोव्हेंबर २०२४

आजी,

मी आता काय लिहू तुला? कालपासून तीन वेळा कागद घेऊन बसले.

एका चहात फुगा दुरुस्त होत नाही. एका आठवड्यातही होत नाही. फुगा दुरुस्त होतच नाही, बदलावा लागतो, कंपनीकडून मागवावा लागतो, माणूस हातमोजे घालून बसवतो. तुमच्या मिस्त्रीने फुग्याला हातच लावला नाही. त्याने दिव्याला गप्प केलं. हे करणारे लोक आहेत आजी, आम्हाला माहीत आहेत ते. फुग्याच्या जागी वायरीला एक बारीकसा तुकडा जोडतात, की गाडीला वाटावं फुगा आहे. मग दिवा शहाण्यासारखा लागतो आणि विझतो. आधी गाडी निदान ओरडून सांगत होती. आता ती खोटं बोलते आहे, आणि तुम्ही तिच्या खोट्यावर लग्नाला निघालात.

आणि तू गल्लीतल्या गाड्यांना "ठीक हाय, जा" म्हणू नकोस ना गं! विझलेला दिवा बहुतेक वेळा खराच असतो. पण आपल्या घरात जे झालं, ते दुसऱ्या कोणाच्या घरात झालं नसेल कशावरून?

पट्टा बगलेखालून घ्यायचा नाही. मग तो बरगड्या मोडतो. खांद्यावरून, हाडावरून. पदर चुरगळू दे.

काकांना मी दहा वेळा फोन केला असेल. उचलत नाहीत. मेसेज केला तर अंगठा पाठवला. अंगठ्याचं मी काय करू?

इथेही तेच. आवाजाचा मुद्दा मी परत काढला. साहेबांनी ऐकलं, मान हलवली आणि दुसऱ्या विषयावर गेले. बाहेर आल्यावर एक सहकारी म्हणाला, "कशाला घसा कोरडा करतेस? गाडीवाले दिवा पाहतच नाहीत." तेच तर मी सांगत होते! मी प्रसाधनगृहात जाऊन तोंड धुतलं आणि परत घडी घालायला बसले. ज्या घरात लहानाची मोठी झाले, ज्या काकांनी परीक्षेला मला मोटरसायकलवर नेलं, ते माझं ऐकत नाहीत, तर बाकीच्यांना मी काय ऐकवणार?

उमरेडला एसटीने जा. माझ्यासाठी.

पमी



नागपूर
४ डिसेंबर २०२४

प्रमोदिनी,

मी पत्र लिहीत नाही कोणाला, पण तुझ्यासाठी लिहून राहिलो.

आईच्या नावानं पत्रं पाठवून घरात भांडण लावणं बंद कर. ती वाचते मोठ्यानं, भिंतीपलीकडं सिंधूताईले सगळं ऐकू जाते. काल सिंधूताई मायाले म्हणे, गाडीत काही दोष निघाला म्हणते ना वं? अख्खी गल्ली पाहून राहिली माह्याकडं.

मी काही अडाणी नाही. कंपनीत सुपरवायझर आहे. तू म्हणते ते मले कळत नाही असं नाही. तुझ्या पहिल्या पत्रानंतर मी डीलरकडं गेलो होतो. त्यानं मले बाहेर उभं ठेवलं. दुसरं गिऱ्हाईक आलं तं त्याले खुर्ची दिली, चहा दिला, मी उभाच. मंग आला अन् म्हणे, "जैसी थी वैसी ली ना भाई? दस्तखत देखो अपना." वरून हासला. हे मी आईले सांगितलं नाही, मायालेही नाही. तुले सांगून राहिलो कारण तू ऐकत नाही.

आता मी काय करू? गल्लीभर सांगू का की अंकुश फसला? ज्या दिवशी गाडी आणली त्या दिवशी आईचं तोंड पाह्यलं असतं तं तू असं नसतं लिहिलं. तिनं आयुष्यात पहिल्यांदा समोरच्या सीटवर बसून रस्ता पाह्यला.

दिवा विझला. विषय संपला. बावीसला गाडीनंच जाणार. मी सावकाश चालवतो.

लग्नाला येणार असशील तं ये. सुट्टी मिळत नसंल तं राहू दे.

काका



चाकण, पुणे
९ डिसेंबर २०२४

आजी,

काकांचं पत्र आलं. त्यात काय आहे ते मी तुला सांगणार नाही, आणि तू त्यांना विचारू नकोस. उत्तर लिहायला बसले आणि फाडून टाकलं. काहीही लिहिलं तरी ते "तुम्ही चुकलात" असंच वाचलं जाणार. मी चिडलेली आहे, पण काकांवर किती आणि त्या डीलरवर किती, ते मलाच कळत नाही.

माझ्याबरोबर काम करणारी दोघं, संघपाल आणि गार्गी, नागपूरला येत आहेत. तिथल्या वर्कशॉपवाल्यांना शिकवायचं काम आहे त्यांचं, पुढचे काही दिवस. शनिवारी, चौदाला, ती आपल्या घरी येतील. त्यांच्याकडे तपासायचं यंत्र आहे. त्यांना गाडी पाहू दे, बाकी काही नको.

काकांना घरी थांबव. कसं थांबवायचं ते तूच बघ. खरं सांगितलं तर ते थांबणार नाहीत, आणि खोटं बोल असं मी तुला कसं म्हणू?

पमी



इंदोरा, नागपूर
१५ डिसेंबर २०२४, रविवार

पमे वं,

पाणी पिऊन घे, मंग वाच. लंबं हाय.

अंकुशले मी खोटं काही बोलली नाही. मी एवढंच म्हटलं, "पमीच्या हापिसातला एक पोट्टा शनिवारी आपलं घर पाहाले येऊन राहिला. संघपाल नाव हाय." बाकी काही बोलली नाही. अंकुशनंच विचार केला. मायाले म्हणे, "आपल्यातलाच दिसते." शुक्रवारी केस कापून आला. मायानं पडदे धुतले. मायाकडून सिंधूताईले कळलं, मंग गल्लीले कळलं. मी गप्प होती. तुले माहीत हाय मले गप्प राहाले किती त्रास होते.

शनिवारी दोघं आले. पोट्टा उंच, चांगला, चष्म्याचा. पोरगी गार्गी, केस एवढेसे, पाठीवर बॅग. सिंधूताई मले बाजूले घेऊन म्हणे, "संग कोण आणली वं, बहीण का?" म्हटलं, असंन.

मायानं पोहे अन् चण्याची तर्री केली. गार्गीले तिखट लागलं, नाक पुसत पुसत दुसऱ्यांदा घेतलं. अंकुश इस्त्रीच्या शर्टात समोर बसला. "घरी कोण कोण आहे?" "आई, वडील, दोन बहिणी." "वडील काय करतात?" "रेल्वेत होते." "व्यसन?" तं तो बिचारा म्हणे, "चहा जास्त होतो काका." गार्गीले हासू आवरून नाही राहिलं. मले बी.

मंग संघपाल म्हणे, "काका, जरा गाडीची चावी देता?" अंकुश इतका खूश झाला! त्याले वाटलं पोट्ट्याले चक्कर मारायची हाय. म्हणे, "घ्या ना, घ्या, आपलीच समजा." अन् स्वतः दार उघडून दिलं.

पण पोट्टा चाकासमोर बसला नाही. खाली वाकला, पायाजवळ कुठंतरी एक वायर खुपसली, हातात मोबाइलसारखं मशीन. गार्गी बाजूले वही घेऊन. दोघं एकमेकायकडं पाहून राहिले. तेव्हा अंकुशच्या ध्यानात आलं. चेहऱ्यावरून उतरलंच सगळं. म्हणे, "तुम्हाले पमीनं पाठवलं." संघपाल उभा राहिला, म्हणे, "हो काका. ती फार काळजीत आहे." अंकुशनं माह्याकडं पाह्यलं. "माय, तू बी?"

काय सांगू पमे, तो मले रागावला असता तं बरं झालं असतं.

तोपर्यंत गल्ली जमली होती, पोट्टा पाहाले. आता सगळे गाडी पाहून राहिले. संघपाल हळूच म्हणे, "काका, तुम्ही नको म्हटलं तर आम्ही इथेच थांबतो." अंकुशच्या आधी मीच म्हटलं, "उघड गा." माही बी जिद्द.

त्यानं आधी बॅटरीची वायर काढली, मंग आम्हाले म्हणे थांबा, लगेच हात लावायचा नसते. बसलो वाट पाहत. मंग मोजे घातले, चाकाचं मधलं झाकण काढलं. तू म्हणते ना घडी, घडी. मले वाटलं आता पांढरी घडी दिसंन, माह्या नातीच्या हाताची. बाई, आत काहीच नव्हतं. पिवळा स्पंज अन् कोणाच्या तरी जुन्या बनियनची चिंधी. वाजू नाही म्हणून कोंबली. माह्या सीटसमोर बी तसंच, झाकण डिंकानं चिकटवलेलं, आत नुसती पोकळी.

सिंधूताई बोललीच, "अंकुशले फसवलं वाटते."

अंकुश म्हणे, "लावा परत. बंद करा." अन् जाऊन आपल्या मोटरसायकलवर बसला, आमच्याकडं पाठ करून. एवढा मोठा पोट्टा, अर्ध्या पिकल्या केसायचा, अन् पाठ कशी शाळेतून मार खाऊन आल्यासारखी.

मंग मले एकदम एक गोष्ट सुचली, मी संघपालले विचारलं, "बापा, आधी तं आत फुगा असंनच ना? कंपनीनं काय चिंधी देऊन विकली नाही. मंग तो गेला कुठं?" तो म्हणे, "उघडला असेल आजी. या गाडीची कधीतरी मोठी धडक झाली आहे." मी म्हटलं, "मंग तेव्हा इथं कोणी बसलं असंन." तो म्हणे, "हो." "त्याचं काय झालं?"

गार्गी आत वाकली, माह्या सीटचा पट्टा ओढून पाह्यला. मले बोलावलं, "आजी, हे बघा." पट्ट्यावर एका जागी घासल्यासारखी खूण होती, चकाकी गेलेली. ती म्हणे, "ज्याने हा पट्टा लावला होता त्याला यानेच धरून ठेवलं. वर फुगाही उघडला. नक्की सांगता येणार नाही आजी, पण तो वाचला असेल."

पमे, मले रडूच आलं. दुःखाचं नाही वं. तू लिहिलं होतं ना, नऊ वर्षं काम करून बी कोणाले काही दिसत नाही. मले दिसलं ना! रिकामी जागा दिसली. कोणाची तरी माय, कोणाचा तरी बाप, इथं बसला होता अन् घरी गेला.

मंग मी काय केलं, अंगणात उभी राहून मोठ्यानं सांगाले लागली. तुले माहीत हाय माहा आवाज. म्हटलं, "ऐका वं सगळ्या! ही गाडी एका माणसाले वाचवून आली हाय. तिचे फुगे कामी आले, म्हणून रिकामी हाय. आता हिले नवे फुगे लावायचे. ज्यानं चिंधी कोंबली लाज त्याले वाटली पाह्यजे, आमच्या अंकुशले काहून? त्यानं तं मायले फुग्याची गाडी पाह्यजे म्हणून घेतली!" सिंधूताईच्या जावयाले बी सांगितलं, तुहीही दाखवून घे, दिव्यावर नको जाऊ. मीच सांगून राहिली होती दिव्यावर जा, आता मीच सांगते नको जाऊ. त्या मास्तरले बी निरोप धाडला. डॉक्टरकी बंद.

अंकुश ऐकून राहिला होता, पाठ केली तरी. जरा वेळानं उतरला. आला, तो पट्टा हातात घेतला, त्या खुणेवरून अंगठा फिरवला. संघपालले म्हणे, "म्हणजे हा पट्टा बी कामातून गेला?" तो म्हणे, "हो काका. एकदा एवढा ताण घेतला की बदलावाच लागतो." अंकुश म्हणे, "मंग महिनाभर मायले मी कायच्या भरवशावर बसवून राहिलो?" त्यानं चाबी काढली, मायाले दिली, म्हणे, "कपाटात ठेव. मी मागितली तरी देऊ नको."

उमरेडले एसटीनं जाऊ. सिंधूताई कुरकुरून राहिली, पण तिचं तिकीट मीच काढीन.

तुह्यावरचा राग त्याचा गेला असं नको समजू. रात्री जेवताना म्हणे, "लिहिता आलं असतं तिले सरळ." म्हटलं, "सरळच लिहिलं होतं." तं म्हणे, "हो, तेच तं." आता याले काय म्हणावं. मोटरसायकल पुसून ठेवली. सोमवारपासून पुन्हा तोच कळमेश्वरचा रस्ता, तेच ट्रक, अन् माहा तोच घोर. तुह्या साहेबाचं बी संघपालनं सांगितलं, का तो आवाज लावायचं अजून मान्य नाही करून राहिला. मले त्याचा इतका संताप आला! असा कसा माणूस वं? त्याले घरी माय नाही का?

जाताना अंकुशनं संघपालले गल्लीच्या टोकाशी गाठलं. मी मागंच होती. अंकुश खाली पाहून म्हणे, "डीलरकडं मी एकटा गेलो का तो मले बाहेर उभं ठेवते. तुम्ही साहेब लोक संग असले तं..." मले हे माहीतच नव्हतं पमे. कधी उभं ठेवलं, किती वेळ, मले काहीच सांगितलं नाही यानं. संघपाल म्हणे, "काका, आम्ही काही साहेब नाही. पण आम्ही येतो. तुम्ही खुर्चीवर बसा, मी उभा राहतो, आणि ही यंत्रातला कागद त्याच्या टेबलावर ठेवेल." गार्गी म्हणे, "आणि तर्री परत पाहिजे."

फुगे बसवाले किती लागंन, डीलर ऐकंन का नाही, कोणाले माहीत. संघपाल म्हणे, सोपं नाही, भांडावं लागंन. अंकुशनं कंपनीत द्याले सुट्टीचा अर्ज लिहून ठेवला, मायानं तर्रीचे चणे काढून ठेवले. त्यायचं काम बुधवारी संपते. गुरुवारी, एकोणीस तारखेले, सकाळीच येतो म्हणाले.

आजी